शहरांच्या अर्थसमित्यांना खुले पत्र: वाचवलेल्या पाण्याला आणि विजेला भांडवली हिशेबात जागा द्या

प्रति,
शहरांच्या अर्थसमित्यांचे सदस्य, वित्त व लेखा विभागांचे प्रमुख आणि अर्थसंकल्पाला मंजुरी देणारे लोकप्रतिनिधी

सन्माननीय महोदय, महोदया,

शहराचा अर्थसंकल्प उघडला की नवे जलशुद्धीकरण केंद्र भांडवली कामांच्या यादीत अग्रभागी दिसते. त्यासाठी वीस वर्षांचे कर्ज मिळते, सल्लागार नेमला जातो, प्रकल्प अहवाल तयार होतो आणि पायाभरणीची तारीख ठरते. गळती शोधण्याचे काम मात्र महसुली, म्हणजे दरवर्षीच्या चालू, खर्चात, देखभाल-दुरुस्तीच्या लेखाशीर्षाखाली (हिशेबातील सदराखाली), शेवटच्या काही पानांवर असते आणि वर्षअखेरीस पैसे कमी पडले की पहिली कात्री तिथेच लागते. जे पाणी नव्या केंद्रातून मिळणार असते, तेच पाणी गळती थांबवूनही मिळते. नळाखाली भांडे धरणाऱ्याला त्यात काहीच फरक जाणवत नाही. तरीही एकाची नोंद मालमत्ता म्हणून होते आणि दुसऱ्याची खर्च म्हणून. नोकरीची बहुतेक वर्षे मी पाणीपुरवठ्याचे हिशेब लिहिण्यात आणि तपासण्यात घालवली. आपण संसाधने वाया घालवतो याचे मोठे कारण निष्काळजीपणापेक्षा हे वर्गीकरण आहे, असे माझे मत त्यातून बनले आहे.

माझी विनंती एकच आहे. पाणी, वीज, इंधन, जागा किंवा कचरा हाताळण्याची क्षमता वाचवणारे प्रत्येक काम नवी क्षमता उभारणाऱ्या कामाच्या शेजारी, त्याच तक्त्यात, त्याच व्याजदराने आणि तितक्याच वर्षांची मुदत धरून तोलले जावे. त्यानंतर जे स्वस्त ठरेल ते आधी करावे. पर्यावरणाविषयीची आस्था मला कमी महत्त्वाची वाटत नाही. पण या पत्रातील मांडणी तिच्यावर टेकलेली नाही. ज्याला फक्त पैशांचाच हिशेब कळतो, त्यालाही ती पटावी अशी माझी इच्छा आहे.

पाण्यापासून सुरुवात करतो, कारण तो हिशेब सर्वांत सरळ आहे. जमिनीखालच्या जलवाहिनीला ५ मिलिमीटर व्यासाचे एक छिद्र पडले आहे आणि तिथे ४० मीटर उंचीच्या पाण्याइतका दाब आहे, असे समजा. त्यातून दिवसाला सुमारे २८,००० लिटर पाणी निघून जाते. दरडोई १५० लिटर धरले, तर हे जवळपास १९० माणसांचे पाणी झाले. असे छिद्र वर्षभर कोणाच्या लक्षात येत नाही, कारण पाणी रस्त्यावर न येता शेजारच्या गटारात किंवा मुरमात जिरते. ते शोधायला रात्री दोन ते चारच्या दरम्यान प्रवाह मोजणारी यंत्रणा, वाहिनीला कान लावणारी माणसे आणि भागाभागाने बंद करता येतील असे व्हॉल्व्ह लागतात. छिद्र सापडण्यापूर्वीही काही करता येते. रात्रीच्या वेळी दाब ४० मीटरवरून २० मीटरवर आणला, तर खोदकाम न करताही त्याच छिद्रातून जवळपास ३० टक्के कमी पाणी जाते.

हरवलेल्या पाण्याबरोबर बाकीचेही बरेच काही हरवते. एक घनमीटर पाणी १०० मीटर उंच चढवायला सिद्धांताप्रमाणे ०.२७ युनिट वीज लागते. पंप आणि मोटर यांची मिळून कार्यक्षमता ६० टक्के असेल, तर ०.४५ युनिट लागते. त्यात शुद्धीकरणाची रसायने, कर्मचाऱ्यांचे वेतन आणि केंद्राच्या कर्जाचे व्याज मिळवले की गळतीच्या पाण्याची खरी किंमत कळते. जगभर महसूल न देता नाहीशा होणाऱ्या पाण्याचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज वर्षाला सुमारे १२,६०० कोटी घनमीटर इतका होता आणि त्याचे मूल्य सुमारे ३,९०० कोटी डॉलर धरले होते. हे सगळेच पाणी जमिनीत जात नाही. त्यात बंद पडलेले मीटर, चोरीच्या जोडण्या आणि कधीच न पाठवलेली बिलेही येतात. हा फरक आपण ध्यानात ठेवावा, कारण जमिनीत जाणारे पाणी थांबवले की खर्च वाचतो आणि मीटर सुधारला की उत्पन्न वाढते. दोन्हींची किंमत वेगवेगळ्या दराने काढावी लागते.

हे सगळे श्रीमंत शहरांनाच जमते, असे मला सभांमध्ये अनेकदा ऐकवले गेले आहे. त्यावर कंबोडियाची राजधानी नॉमपेन हे उत्तर आहे. दीर्घ यादवीतून बाहेर पडलेल्या त्या शहरात १९९३ मध्ये पुरवठ्यासाठी सोडलेल्या पाण्यापैकी सुमारे ७२ टक्के पाण्याचे पैसे येतच नव्हते. एक सोन चान (‘एक’ हे त्यांचे आडनाव) यांनी तेथील पाणीपुरवठा संस्थेची सूत्रे हाती घेतली, ग्राहकांची नोंदवही घरोघरी जाऊन नव्याने तयार करवली, प्रत्येक जोडणीला मीटर लावला, बिल न भरणाऱ्या वजनदार मंडळींकडूनही वसुली केली आणि वाहिन्या बदलल्या. पुढच्या दीड दशकात हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास आले आणि शहराला चोवीस तास पाणी मिळू लागले. आपल्यासारख्या वित्त विभागातील वाचकांसाठी याहून बोलकी गोष्ट पुढची आहे. २०१२ मध्ये कंबोडियाच्या शेअर बाजारात व्यवहार सुरू झाले, तेव्हा त्यावर नोंदवली गेलेली पहिली कंपनी हीच पाणीपुरवठा संस्था होती. परकीय मदतीशिवाय हे झाले नाही, हेही सांगितले पाहिजे. पण ती मदत गळक्या वाहिन्यांत ओतली गेली असती, तर शेअर बाजारापर्यंत कोणी पोहोचले नसते.

आता भांडवलाकडे वळतो, कारण बचतीचा सर्वांत मोठा फायदा तिथे असतो आणि नेमका तोच आपल्या तक्त्यांत दिसत नाही. १०० कोटींचे एखादे काम आज न करता पाच वर्षांनी करायचे ठरवले आणि व्याजदर ६ टक्के धरला, तर त्या कामाचे आजचे मूल्य सुमारे ७५ कोटी भरते. म्हणजे काम रद्द न करता, नुसते पाच वर्षे पुढे ढकलण्याचा फायदा २५ कोटींचा आहे. बचतीचे काम त्याहून कमी पैशांत होत असेल, तर वाचलेली वीज मोजण्याआधीच ते परवडलेले असते. याशिवाय आणखी एक लाभ आहे. मोठे केंद्र तीस वर्षांच्या लोकसंख्येच्या अंदाजावर बांधले जाते आणि अंदाज चुकला तरी कर्जाचे हप्ते चुकत नाहीत. बचतीचे काम वस्ती-वस्तीने करता येते, मधेच थांबवता येते आणि पहिल्या वस्तीत झालेली चूक दुसऱ्या वस्तीत सुधारता येते. अंदाजावर विसंबून कर्ज काढणाऱ्या प्रत्येक संस्थेने या लवचीकपणाची किंमत धरली पाहिजे.

न्यूयॉर्कने हा हिशेब दोनदा मांडला. १९९४ ते १९९७ या काळात त्या शहराने जास्त पाणी वापरणारी सुमारे १३ लाख शौचकूपे नागरिकांना अनुदान देऊन बदलवून घेतली, कारण नवा जलस्रोत आणि सांडपाणी केंद्रांची वाढ यांच्या तुलनेत दुसऱ्याच्या स्नानगृहातील भांडे बदलण्यासाठी पैसे देणे स्वस्त पडत होते. १९९७ मध्ये पाणलोट क्षेत्रातील गावांशी करार करून तिथली शेती, जंगल आणि सांडपाण्याची व्यवस्था सुधारण्यावर खर्च करण्याचे ठरले. त्यामुळे कित्येक अब्ज डॉलर लागणारे गाळण केंद्र त्या स्रोतासाठी उभारावे लागले नाही. १९९० नंतरच्या तीन दशकांत तिथली लोकसंख्या वाढली आणि पाण्याचा एकूण वापर मात्र जवळपास ३० टक्क्यांनी उतरला.

इथे आपल्यापैकी अनुभवी मंडळी एक आक्षेप घेतील आणि तो योग्यच आहे. वापर कमी झाला की पाणीपट्टीचे उत्पन्न कमी होते, खर्च मात्र तितकाच राहतो, कारण पाणीपुरवठ्याचा बहुतांश खर्च स्थिर असतो. कर्ज, वेतन आणि वाहिन्यांची झीज वापरलेल्या लिटरप्रमाणे कमी-जास्त होत नाहीत. मग दर वाढवावा लागतो आणि ज्यांनी मनापासून पाणी वाचवले, त्यांनाच वाढीव बिल हाती पडते. हा अन्याय वाटतो आणि नगरसभेत त्याचे स्पष्टीकरण देणे अवघड जाते. मी स्वतः एकदा असे स्पष्टीकरण द्यायला उभा होतो आणि समोरच्या नागरिकांना पटेल असे काहीही मला त्या दिवशी सांगता आले नाही, याची मला अजून खंत आहे.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील वेस्टमिन्स्टर या शहराने नेमका हाच प्रश्न हिशेब करून सोडवला. पाणी वाचवायला सांगता आणि दरही वाढवता, हे कसे, असे नागरिक विचारत होते. शहराच्या पाणी विभागाने १९८० पासूनची आकडेवारी काढली. तीस वर्षांत दरडोई वापर २१ टक्क्यांनी कमी झाला होता. तो कमी झालाच नसता, तर शहराला आणखी किती पाण्याचे हक्क विकत घ्यावे लागले असते, किती शुद्धीकरण क्षमता उभारावी लागली असती आणि त्याचे कर्ज दरांत कसे उतरले असते, हे त्यांनी मांडून पाहिले. उत्तर असे निघाले की बचत झाली नसती, तर नागरिकांचे दर होते त्याहून ९१ टक्क्यांनी जास्त असते. दर वाढले होते हे खरेच. पण वाढीची तुलना गेल्या वर्षाच्या बिलाशी न करता बचत न झालेल्या शहराच्या बिलाशी करायला हवी होती. ते दुसरे बिल कोणाच्याच घरी जात नसल्यामुळे बचतीचा लाभ अदृश्य राहतो. तो दाखवून देणे हे आपले काम आहे, कारण त्यासाठी लागणारी आकडेवारी दुसऱ्या कोणाकडे नाही.

लाभ दीर्घ मुदतीत येतो आणि तूट मात्र याच वर्षी दिसते, ही अडचण तरीही उरते. दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनने ती अत्यंत कठोर रूपात अनुभवली. २०१५ मध्ये दिवसाला सुमारे १२० कोटी लिटरपर्यंत गेलेला वापर २०१८ च्या दुष्काळात निम्म्याहून खाली आला आणि १ फेब्रुवारी २०१८ पासून माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा लागू झाली. नळ कोरडे पडण्याचा दिवस टळला, पण उत्पन्न कोसळले आणि शहराला त्याच वर्षी जोडणीच्या आकारानुसार ठरणारा स्थिर आकार बिलात घालावा लागला. लोकांना तो आपल्या त्यागाचा दंड वाटला. संकटात लादलेली टंचाई आणि शांत काळात आखलेली कार्यक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या मार्गाने जायचे असेल, तर दरांची रचना आधी बदलावी लागते. स्थिर खर्चाचा रास्त भाग स्थिर आकारातून, गरजेपुरते पाणी अल्प दरात आणि त्यापलीकडचा वापर पुढच्या क्षमतेची खरी किंमत दाखवणाऱ्या दरात, अशी ती रचना असावी. ती वर्षानुवर्षे हळूहळू आणावी आणि कारणांसह जाहीर करावी.

विजेच्या बाबतीत तांत्रिक बाजू बहुतेक ठिकाणी सुटलेली आहे. लॉस एंजेलिसने २००९ पासून चार वर्षांत रस्त्यांवरचे १,४०,००० हून अधिक दिवे एलईडी केले, दिव्यांची वीज ६० टक्क्यांहून जास्त वाचली आणि कामासाठी घेतलेले कर्ज वाचलेल्या विजेतून आणि देखभालीतून सुमारे सात वर्षांत फेडता येईल असे त्याचे गणित होते. पंपांच्या बाबतीत तर भौतिकशास्त्रच आपल्या बाजूने आहे. केंद्रोत्सारी पंपाची गती २० टक्क्यांनी कमी केली, तर त्याला लागणारी शक्ती जवळपास निम्मी होते. अनेक पंप मात्र पूर्ण वेगाने चालवून पुढचा व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवलेला असतो.

खरी अडचण माणसांच्या रचनेत आहे आणि तिच्याविषयी मला सविस्तर लिहिले पाहिजे. शाळेची इमारत एक विभाग बांधतो, वीजबिल दुसरा विभाग भरतो आणि दिवे बदलण्याचा निर्णय तिसरा घेतो. ज्याने खर्च करायचा त्याला लाभ मिळत नाही आणि ज्याला लाभ मिळतो त्याच्या हातात खर्चाचा अधिकार नसतो. एखाद्या मुख्याध्यापकाने किंवा केंद्रप्रमुखाने स्वतःच्या चिकाटीने बिल कमी करून दाखवले, तर पुढच्या वर्षी त्याची तरतूद तेवढीच कापली जाते. त्याला मिळालेला धडा स्पष्ट असतो आणि तो धडा वित्त विभागाने, म्हणजे आपणच, दिलेला असतो. जर्मनीतील श्टुटगार्टने १९९५ पासून यावर एक साधी पद्धत चालवली आहे. शहराचा ऊर्जा विभाग एका अंतर्गत निधीतून दुसऱ्या विभागाच्या बचतीच्या कामाला पैसे देतो आणि तो विभाग वाचलेल्या बिलातून ते पैसे फेडतो. फेड पूर्ण होईपर्यंत त्याची वीजबिलाची तरतूद कापली जात नाही, परत आलेले पैसे पुढच्या कामाला लागतात आणि फेडीनंतरची बचत त्या विभागाकडे राहते. यासाठी बाहेरचे कर्ज, नवा कायदा किंवा खासगी भागीदार लागत नाही. दोन लेखाशीर्षांमध्ये एक करार लागतो. एखाद्या शहराने या पत्रातील एकच सूचना उचलायची म्हटली, तर मी ही उचलायला सांगेन.

कचऱ्याविषयी थोडक्यात लिहितो. जागतिक बँकेच्या २०१८ मधील अहवालानुसार कमी उत्पन्नाच्या देशांतील शहरे आपल्या अर्थसंकल्पाचा सरासरी सुमारे २० टक्के भाग कचरा व्यवस्थापनावर खर्च करतात आणि त्यातला मोठा वाटा गोळा करून वाहून नेण्यात जातो. क्षेपणभूमीतील (कचरा टाकण्याच्या मैदानातील) उरलेली जागा ही संपत जाणारी भांडवली मालमत्ता आहे, पण तिचा घसारा फारच थोडी शहरे लिहितात. तो लिहिला, तर वेगळा काढलेला प्रत्येक टन किती मोलाचा आहे ते आपोआप दिसेल. दक्षिण कोरियाने १९९५ पासून कचऱ्याच्या आकारमानानुसार पिशवीची किंमत घेण्यास सुरुवात केली, तीच किंमत दर आठवड्याला घराघरांत हा हिशेब पोहोचवते.

जमिनीचा प्रश्न मात्र थोडक्यात आटोपता येत नाही, कारण तिथली चूक शंभर वर्षे टिकते. १९९० च्या सुमारास अटलांटाची नागरी वस्ती सुमारे २५ लाख आणि बार्सिलोनाची सुमारे २८ लाख होती. पहिली ४,२८० चौरस किलोमीटरवर पसरली होती आणि दुसरी १६२ चौरस किलोमीटरमध्ये सामावली होती. दोन्हीकडे प्रत्येक घराला वाहिनी, रस्ता, तार आणि गटार लागतेच. पण एका घरामागे त्यांची किती लांबी बांधायची, किती लांबीची दुरुस्ती करायची आणि त्यातली किती गळणार, हे वस्तीच्या विस्तारावर ठरते. मीटर, पंप आणि दिवे पुढेही बदलता येतात, रस्त्यांचे जाळे बदलता येत नाही. म्हणून दूरच्या नव्या वसाहतीला परवानगी देताना विकासकाकडून पहिल्या बांधकामाचा खर्च घेऊन थांबू नये; पन्नास वर्षांच्या देखभालीचा बोजा शहराच्या तिजोरीवर किती पडेल, ते परवानगीच्या टिपणातच लिहिले जावे. दाटीचे गुणगान मला करायचे नाही. सांडपाण्याची सोय, मोकळी जागा आणि वाहतूक नसलेली दाटी ही आटोपशीर शहररचना नसून निव्वळ कोंडवाडा असतो.

दोन मर्यादाही मोकळेपणाने मांडतो. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच दाखवून दिले होते की वाफेची इंजिने कमी कोळशात चालू लागली, तेव्हा कोळशाचा एकूण खप वाढला. स्वस्त झालेली सेवा लोक जास्त वापरतात, त्यामुळे बचतीच्या अंदाजातून काही भाग वजा करूनच हिशेब मांडावा. कधी हा भाग चांगल्या कामी लागतो. ज्यांच्या घरी पाणीच पोहोचत नव्हते त्यांच्यापर्यंत ते पोहोचले, तर एकूण वापर न उतरूनही शहराचा फायदाच झालेला असतो. दुसरी मर्यादा अशी की प्रत्येक बचत परवडत नाही. गळती ४० टक्क्यांवरून २० वर आणणे आणि ५ वरून ३ वर आणणे यांच्या खर्चात मोठे अंतर आहे. टोकियोने सुमारे ३ टक्क्यांपर्यंत मजल मारली ती अनेक दशकांच्या सातत्याने. आपल्या शहराने कुठे थांबायचे ते दुसऱ्याचा आकडा पाहून ठरवू नये. पुढचा एक घनमीटर वाचवण्याचा खर्च पुढचा एक घनमीटर मिळवण्याच्या खर्चाइतका झाला की थांबावे.

येत्या अर्थसंकल्पाच्या तयारीत, ठरावीक रकमेवरील प्रत्येक क्षमतावाढीच्या प्रस्तावाला एक पान जोडणे बंधनकारक करावे. त्या पानावर तेवढीच क्षमता बचतीतून मिळवण्याचा खर्च, त्याला लागणारी वर्षे आणि मूळ काम पुढे ढकलल्याने होणारा लाभ लिहिलेला असावा. प्रस्ताव मांडणाऱ्या विभागाने ते पान लिहावे आणि वित्त विभागाने तपासावे. बचतीच्या कामांना भांडवली लेखाशीर्ष आणि श्टुटगार्टसारखा फिरता निधी (परत आलेले पैसे पुढच्या कामाला देणारा) मिळावा, बचत करणाऱ्या विभागाची तरतूद फेडीच्या काळात कापू नये, आणि तीन वर्षांनी मोजलेले निकाल, फसलेल्या कामांसह, सभागृहापुढे यावेत. यासाठी लागणारे मीटर आणि वहीखाती तयार व्हायला वर्ष-दीड वर्ष लागेल. तोवर आपल्यापुढे मंजुरीसाठी आलेल्या सर्वांत मोठ्या प्रकल्पापासून सुरुवात करावी आणि त्याचे ते एक पान सही करण्यापूर्वी मागवून घ्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला नम्र,
पाणीपुरवठ्याच्या हिशेबांतून निवृत्त झालेला एक नागरिक